डोळा न मारता घेतलेलं सोंग

मागच्या आठवड्यात एका मित्रानं आविया नावाच्या लेनिनग्राडच्या, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गच्या, ऐंशीच्या दशकातल्या बँडचा जुना खरखरीत व्हिडिओ आमच्या ग्रुपवर टाकला आणि त्यावर दोन दिवस नुसती भांडणं झाली. व्हिडिओत काय आहे, तर स्टेजवर भरपूर माणसं, सगळ्यांचे कवायतीचे एकसारखे कपडे, सॅक्सोफोन आणि सिंथेसायझरवर संचलनाचा ठेका, एक जण भोंगा तोंडाला लावून घोषणा देतोय आणि त्याच्या मागे पोरंपोरी दहीहंडीला लावतात तसे थर लावून उभी, चेहऱ्यावर उज्ज्वल भविष्याचं ते ठरलेलं हसू. कुणी डोळा मारत नाही, कुणाला हसू फुटत नाही, शेवटपर्यंत नाही. एक गट म्हणाला हा सरळसरळ कम्युनिस्ट प्रोपगंडा आहे, यात कसलं आलंय विडंबन. दुसरा म्हणाला अरे वेड्यांनो, याच पोरांनी सोव्हिएत युनियन पाडलं, हे खरे बंडखोर. मग तिसरा आला आणि म्हणाला की दोन्ही खोटं, हे केजीबीच्या, म्हणजे सोव्हिएत गुप्तहेर खात्याच्या, परवानगीनं चाललेलं नाटक होतं, आणि आज रशियात जी 'सगळंच खोटं, कशावरच विश्वास ठेवू नका' वृत्ती दिसते तिचं बियाणं याच लोकांनी पेरलं. तिघंही शिकलेले, वाचणारे. आणि तिघंही, माझ्या मते, चुकीच्या प्रश्नाचं उत्तर शोधत होते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हे लोक नक्की कुणाच्या बाजूचे हा प्रश्न आविया आणि त्या काळच्या तसल्या बाकी बँड्सना लागूच पडत नाही, कारण बाजू न सांगणं ही त्यांच्या कलेची पहिली अट होती. लोकांच्या कानावरून वर्षानुवर्षं नुसती वाहून गेलेली सरकारी भाषा त्यांनी इतकी हुबेहूब, इतकी जीव तोडून वाजवून दाखवली की ती पहिल्यांदा ऐकू आली. बस. ही काही छोटी गोष्ट नाही, पण त्यानं साम्राज्य पाडलं हे श्रेय त्यांना देऊ नका आणि पुढे जे घडलं त्याचं पापही त्यांच्या माथी मारू नका. प्रश्न विचारायचाच असेल तर हा विचारा, की सोंग कुणी घेतलं, कुणासमोर घेतलं आणि ते घेताना त्याच्या हातात किती सत्ता होती.

आधी आवियाच्या नावाकडेच बघा. सोव्हिएत काळात 'रॉक' हा शब्द सरकारला चालायचा नाही, म्हणून साठच्या दशकात व्हीआयए, म्हणजे 'गायन-वादन समूह', असं एक सरकारी नाव काढलं गेलं. गिटार, ड्रम सगळं चालेल, पण केस कापलेले हवेत, गाणी संगीतकार संघाच्या माणसांनी लिहिलेली हवीत आणि हालचाल बेताची हवी. निकोलाय गुसेव्ह, अलेक्सेई राखोव्ह आणि अलेक्झांडर कोंद्राश्किन हे तिघं आधी 'स्त्रान्निये इग्री', म्हणजे 'विचित्र खेळ', या बँडमधले. तो फुटल्यावर १९८६ च्या सुमारास त्यांनी नवा बँड काढला आणि त्याच सरकारी नावाच्या पुढे 'अँटी' लावून टाकलं, आद्याक्षरं जोडली की झालं 'आविया'. पण आविया म्हटल्यावर रशियन कानाला विमान ऐकू येतं, तीसच्या दशकातली ती वैमानिकांची पोस्टरं, निळं आभाळ, उंच उंच जाणारा नवा माणूस. म्हणजे एकाच शब्दात नकारही आहे आणि उत्सवही, आणि दोन्हीतलं एक काढून टाकता येत नाही. त्यांचं पहिलंच काम होतं 'संगीतकार झूदोव्हचं जीवन आणि कार्य'. असा कुठला झूदोव्ह कधी नव्हताच, पण सोव्हिएत माणसानं 'जीवन आणि कार्य' हे दोन शब्द शाळेपासून इतक्या वेळा ऐकलेले की पुढचं सगळं त्याला न सांगता दिसायला लागायचं. स्टेजवरची कवायत बसवली अंतोन अदासिन्स्कीनं, जो स्लावा पोलुनिनच्या विदूषकांच्या कंपनीतून आलेला. आणि ती कवायत काही हवेतून आणलेली नव्हती, १९२३ मध्ये मॉस्कोत सुरू झालेल्या 'निळा सदरा' या कामगारांच्या प्रचारनाट्य चळवळीतली होती, जिथे माणसांची शरीरंच मशीन व्हायची, चाकं व्हायची, घोषणा व्हायची. ती चळवळ खरी होती, त्यातला जोष खरा होता. तीसच्या दशकाच्या सुरुवातीला ती संपली आणि उरला तो फक्त साचा.

हा साचा म्हणजे काय ते मला पुस्तक वाचून कळलं नाही, वह्यांच्या कव्हरांवरून कळलं. आमच्या घरी एक सोव्हिएत मासिक यायचं, त्या काळी अनेक मराठी घरांत यायचं, वर्गणी नगण्य आणि कागद असा जाड गुळगुळीत की जून महिन्यात सगळ्या वह्यांना त्याचीच कव्हरं. माझ्या भूगोलाच्या वहीवर ट्रॅक्टर चालवणारी एक बाई होती, डोक्याला रुमाल, मागे पिवळं शेत, आणि ती आपल्याकडे न बघता जरा वर, उजवीकडे बघून हसतेय. पावसात दप्तर भिजून कव्हर फाटलं तेव्हा आईनं दुसऱ्या अंकाचं पान काढून घातलं. या पानावर पोलाद कारखान्यातला माणूस होता, टोपी वेगळी, मागे भट्टी, पण हसू तेच आणि नजरही तिथेच, वर, उजवीकडे. मी तेव्हा सातवीत असेन, मला तो एकाच घरातला भाऊ वाटला. पुढे कित्येक वर्षांनी आवियाचा व्हिडिओ पहिल्यांदा बघितला तेव्हा त्या थरांवरच्या पोरांची नजर बघून अंगावर काटा आला, कारण ती सगळी तिथेच बघत होती.

अलेक्सेई यूर्चाक नावाचा मानववंशशास्त्रज्ञ आहे, आता अमेरिकेत बर्कलीला शिकवतो, पण ऐंशीच्या दशकात तो स्वतः लेनिनग्राडला आवियाचा मॅनेजर होता, म्हणजे हे सगळं त्यानं स्टेजच्या बाजूला उभं राहून बघितलंय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. स्टालिन असेपर्यंत सरकारी भाषेला एक वरचा संपादक होता, कुठला शब्द बरोबर, कुठला चूक ते तो ठरवायचा. तो गेल्यावर ठरवणारं कुणी उरलं नाही, मग प्रत्येक अधिकारी घाबरून आधीच्याचंच वाक्य उचलायला लागला, कारण जुनं वाक्य कधी चुकत नाही. होता होता सत्तरच्या दशकापर्यंत भाषणं, अग्रलेख, ठराव हे सगळं ठोकळ्यांसारखं झालं, इकडचा ठोकळा तिकडे लावा. अर्थ कुणी बघत नव्हतं, आकार बरोबर आहे ना एवढंच बघायचं. लोक सभेला जायचे, हात वर करायचे आणि घरी येऊन आपलं आयुष्य जगायचे, त्यात मैत्री होती, प्रेम होतं, पुस्तकं होती, चांगुलपणासुद्धा होता. या अशा वातावरणात जी विनोदाची जात तयार झाली तिला रशियनमध्ये 'स्त्योब' म्हणतात. त्याची ओळख अशी की करणारा माणूस ज्याची नक्कल करतोय त्याच्याशी इतका एकरूप होतो की हा पाठिंबा आहे, टिंगल आहे की दोन्हींचं काहीतरी मिश्रण आहे हे सांगताच येत नाही.

मराठीत विडंबन म्हटलं की हे पोचत नाही. विडंबनात विडंबन करणारा शेजारी उभा असतो आणि 'बघा हा कसा मूर्ख' म्हणून बोट दाखवतो. त्यापेक्षा 'सोंग' हा शब्द जवळचा. नाथांच्या भारुडात जोशी येतो तेव्हा गाणारा जोश्यावर टीका करत नाही, तो जोशी होतो, आणि ऐकणाऱ्याला हसूही येतं आणि आत काहीतरी लागतंही. दोन परंपरांचा एकमेकींशी काही संबंध नाही, मी फक्त शब्द उसना घेतोय. पण सोंग धरलं की ते मध्येच सोडायचं नसतं हे आपल्याला उपजत कळतं, आणि या बँड्सबद्दल बोलताना नेमकं तेच आपण विसरतो.

आता विरोधकांचे मुद्दे, आणि ते हलके नाहीत.

पहिला, परवानगीचा. लेनिनग्राड रॉक क्लब ७ मार्च १९८१ ला रुबिनस्टाईन रस्त्यावरच्या १३ नंबरच्या इमारतीत सुरू झाला, तो कामगार संघटनांच्या हौशी कला केंद्राच्या छत्राखाली होता आणि त्यावर केजीबीचं लक्ष होतं, हे काही गुपित नाही. प्रत्येक गाण्याचे शब्द आधी तपासायला द्यायचे, त्याला 'लितोव्का' म्हणायचे, शिक्का बसला की गायचं. म्हणजे मग हे प्रेशर कुकरची शिट्टीच झाली ना, वाफ जाऊ दे म्हणून सरकारनं ठेवलेली? मान्य, ठेवणाऱ्यांचा हेतू बहुतेक तोच असणार. पण हेतू ठेवणाऱ्याचा आणि वापर वापरणाऱ्याचा, या दोन गोष्टी एक कशा? त्या देशात रेकॉर्ड काढणारी कंपनी एकच होती, मेलोदिया, आणि ती सरकारी. हॉल सरकारी, छापखाना सरकारी, वाजवायचा अ‍ॅम्प्लिफायरसुद्धा कुठल्या ना कुठल्या सरकारी क्लबाचा. आंद्रेई त्रोपिलोनं लेनिनग्राडच्या निम्म्या रॉकचं रेकॉर्डिंग केलं ते कुठे, तर शाळकरी मुलांच्या छंदवर्गासाठी असलेल्या सरकारी जागेत, वर बोर्ड मुलांच्या ध्वनिमुद्रण वर्गाचा आणि आत अक्वेरियम या बँडचं रेकॉर्डिंग चालू. शुद्ध बाहेरचं असं तिथं काही नव्हतंच. ज्याला बाहेर उभं राहूनच बोलणाऱ्याला इमानदार म्हणायचंय त्यानं मग त्या देशातल्या दहा-वीस माणसांचीच नावं घ्यावीत आणि बाकी पंचवीस-अठ्ठावीस कोटींना विसरून जावं.

शिवाय परवानगी होती म्हणजे धोका नव्हता असंही नाही. १९८० च्या तिबिलिसीच्या फेस्टिव्हलमध्ये अक्वेरियमचा बोरिस ग्रेबेन्शिकोव्ह स्टेजवर आडवा पडून गिटार वाजवत होता एवढ्यावरून परीक्षक उठून गेले, आणि लेनिनग्राडला परत आल्यावर त्याची नोकरी गेली, कोमसोमोलचं, म्हणजे पक्षाच्या युवक संघटनेचं, सदस्यत्व गेलं. मॉस्कोत 'मुखोमोरी', म्हणजे विषारी अळंब्या, असं नाव घेतलेला तरुण चित्रकारांचा गट होता. त्यांनी १९८२ मध्ये 'सोनेरी तबकडी' नावाचं घरगुती रेकॉर्डिंग केलं, त्यात संगीतापेक्षा बडबड जास्त. १९८४ मध्ये त्यातल्या काहींना सैन्यभरतीच्या नावाखाली उचलून पाठवलं, स्वेन गुंडलाखला साखालीनला आणि कॉन्स्तांतिन झ्वेझ्दोचोतोव्हला कामचात्काला. नकाशात बघा एकदा मॉस्को कुठे आणि कामचात्का कुठे. सायबेरियातल्या ओम्स्कच्या येगोर लेतोव्ह या पंक गायकाला १९८५ च्या डिसेंबरात मनोरुग्णालयात टाकलं ते मार्चमध्ये सोडलं. म्हणजे शिट्टीतून वाफ जात होती खरी, पण ती अंगावर घेणारे भाजलेच.

आणि सरकारच्या कानाची काय अवस्था होती तेही बघा. जानेवारी १९८५ मध्ये युक्रेनमधल्या निकोलायेव्हच्या कोमसोमोलनं डिस्कोवाल्यांसाठी परदेशी गायक आणि बँडची यादी काढली, हे वाजवू नका म्हणून, आणि प्रत्येकापुढे कारण दिलं. सेक्स पिस्टल्सपुढे पंक आणि हिंसा, ठीक आहे. व्हिलेज पीपलपुढेही हिंसा. टीना टर्नरपुढे सेक्स. हुलिओ इग्लेसियसपुढे, वाचून विश्वास बसत नाही, नवफॅसिझम. ही यादी कुणा विनोदी लेखकानं लिहिलेली नाही, ती खरी आहे, शिक्कामोर्तब झालेली. मला सांगा, सरकारच स्वतः असं लिहीत असेल तर बाहेरून टिंगल करणाऱ्यानं करायचं काय? त्याच्यापुढे एकच रस्ता उरतो, तेच गंभीर चेहऱ्यानं मोठ्यांदा वाचून दाखवायचं.

असं झालेलंही आहे, फक्त दुसऱ्या एका कम्युनिस्ट देशात. युगोस्लाव्हियात १९८७ च्या युवक दिनासाठी पोस्टरची स्पर्धा झाली. लायबाख हा बँड ज्या स्लोव्हेनियन कलाकारांच्या समूहाचा भाग होता त्यातल्याच डिझाइनर लोकांनी एक पोस्टर पाठवलं, बलदंड तरुण, हातात झेंडा, आणि परीक्षकांनी ते निवडलं. नंतर कळलं की ते रिखार्ड क्लाइन या चित्रकाराच्या १९३६ च्या नाझी चित्रावरून उचललंय, फक्त चिन्हं बदलली. केवढा गदारोळ झाला. पण गुन्हेगार कोण, पोस्टर पाठवणारे, की ते बघून 'वा, हाच आमचा आदर्श तरुण' म्हणणारे? कुठल्याही अग्रलेखाला जे सिद्ध करता आलं नसतं ते एका कागदानं झालं, आणि ते झालं कारण पाठवणाऱ्यांनी खाली 'ही टीका आहे' असं लिहिलं नाही.

दुसरा मुद्दा खरा अवघड, आणि त्याला बगल देणारे लोक मला आवडत नाहीत. या सोंगाड्यांचं पुढे काय झालं? मॉस्कोच्या डीके या बँडचा सेर्गेई झारिकोव्ह, सोव्हिएत रटाळपणाची सगळ्यात कडवट नक्कल करणारा माणूस, १९९२ मध्ये झिरिनोव्स्की या कडव्या राष्ट्रवादी नेत्याच्या छाया-मंत्रिमंडळात जाऊन बसला. लेतोव्ह नॅशनल बोल्शेविक या उग्र राष्ट्रवादी पक्षाबरोबर गेला. आणि सेर्गेई कुर्योखिन, या सगळ्यांत सगळ्यात प्रतिभावान, जबरदस्त पियानोवादक, ज्याच्या 'पॉप-मेखानिका'च्या प्रयोगात एकाच स्टेजवर रॉक बँड, सिंफनीचे वादक, लष्करी बँड आणि जिवंत प्राणी असायचे, तो १९९५ मध्ये विचारवंत दुगीन आणि लेखक लिमोनोव्ह यांच्या त्याच पक्षात गेला आणि दुगीनच्या निवडणुकीसाठी त्यानं शेवटची मोठी पॉप-मेखानिका केली. पुढच्याच वर्षी, १९९६ च्या जुलैत, बेचाळिसाव्या वर्षी हृदयाच्या दुर्मिळ कॅन्सरनं गेला. तर मग आरोप करणारे म्हणतात, बघा, कशालाच खरं न मानायची सवय लागली की माणूस शेवटी कुठल्याही गोष्टीला खरं मानतो. या वाक्यात दम आहे, मी नाकारत नाही. कुर्योखिनचं मला आजही वाईट वाटतं.

पण नीट बघा. तोच काळ, तीच कला, आणि प्योत्र मामोनोव्ह? 'झ्वूकी मू' या मॉस्कोच्या बँडमध्ये तो स्टेजवर दारुड्या, झटके आल्यासारखा थरथरणारा सोव्हिएत पामर व्हायचा, इतका खरा की बघणाऱ्याला लाज वाटावी, १९८९ मध्ये ब्रायन ईनो या नामवंत ब्रिटिश संगीतकारानं त्यांचा अल्बम केला. तो पुढे दूरच्या खेड्यात जाऊन राहिला आणि धर्माकडे वळला. अदासिन्स्की १९८८ मध्ये 'देरेवो' हे शब्दांशिवायचं नाटक घेऊन वेगळ्याच दिशेनं गेला. गुसेव्ह संगीतच करत राहिला. एकाच वर्गातली मुलं, एक धर्माकडे, एक रंगभूमीकडे, दोघं-तिघं उजव्या राष्ट्रवाद्यांकडे. यातून स्त्योबनंच फॅसिझम आणला हे कसं सिद्ध होतं? झुरिचला १९१६ मध्ये काबारे व्होल्टेअरमध्ये अर्थहीन कविता वाचणारा हुगो बाल चार वर्षांत कॅथलिक चर्चकडे परतला. प्रागमध्ये यारोस्लाव हाशेक या विनोदी लेखकानं १९११ मध्ये 'कायद्याच्या चौकटीतल्या माफक प्रगतीचा पक्ष' काढून निवडणुकीचीच टिंगल उडवली होती, आणि तोच हाशेक १९१८ मध्ये लाल सैन्यात जाऊन बुगुल्मा नावाच्या गावाच्या लष्करी प्रशासनात काम करत होता, मनापासून. जुनं जग कोसळलं की कलाकार काहीतरी घट्ट पकडायला धावतात, विनोदी असोत वा गंभीर. सोल्झेनित्सिनसारखा कधीच न हसणारा लेखकही शेवटी शेवटी राष्ट्रवादाकडेच झुकला होता. ते दोष देणारे कधी सांगत नाहीत.

आणि कुर्योखिनच्याच बाबतीत एक फरक दाखवतो. १९९१ मध्ये लेनिनग्राड टीव्हीवर तो सेर्गेई शोलोखोव्ह या टीव्ही पत्रकारासमोर बसला आणि तासभर, अत्यंत विद्वत्तापूर्ण चेहऱ्यानं, पटवून दिलं की लेनिन हा अळंबी होता. संदर्भ, फोटो, पत्रांतले उतारे, लेनिन ज्या चिलखती गाडीवर उभा राहिला तिच्या आतल्या रचनेची अळंबीच्या तंतूंशी तुलना, सगळं. शोलोखोव्हनं नंतर सांगितलेला किस्सा असा की जुने बोल्शेविक पक्षाच्या कचेरीत विचारायला गेले, हे खरं आहे का, आणि तिथल्या बाईंनी सांगितलं, शक्य नाही, कारण सस्तन प्राणी वनस्पती असू शकत नाही. किस्सा घासूनपुसून चकचकीत केलेला असेल, पण त्यातलं मर्म बघा. 'लेनिनबद्दल असं कसं बोलता' हे उत्तर आलंच नाही, उत्तर आलं जीवशास्त्राचं. म्हणजे लेनिनचा देवपणा आधीच गेला होता आणि कुणाला तो गेल्याचं कळलं नव्हतं. कार्यक्रमानं देव मारला नाही, देव्हारा रिकामा आहे एवढं दाखवलं. याउलट १९९५ ची पॉप-मेखानिका मतं मागत होती. हा उमेदवार, याला निवडा. त्या क्षणी सोंग संपलं, मागे राहिली ती प्रचारसभा, आणि दुगीनला एक टक्काही मतं पडली नाहीत. बाजू सांगितल्याबरोबर कलेतली ताकद गेली. माझ्या म्हणण्याला याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

तिसरा मुद्दा आजचा. क्रेमलिनचा राजकीय डावपेचकार म्हणून जगभर नाव झालेला व्लादिस्लाव सुर्कोव्ह यानं २००३ मध्ये 'अगाथा क्रिस्टी' बँडच्या वादिम समोइलोव्हच्या अल्बमसाठी गाणी लिहिली होती, हे खरं आहे. सत्ताच आता उपरोध वापरते, खोटंही बोलते आणि 'आम्ही गंमत करत होतो' असंही म्हणते, आणि त्यापुढे बिचारा खरं बोलणारा माणूस बावळट दिसतो. हे सगळं मान्य. पण आकार सारखा दिसला म्हणून कृती सारखी होत नाही. आवियाचे पोरगे जे शब्द बोलत होते ते त्यांचे नव्हते, ते शब्द त्यांच्यावर शाळेपासून लादलेले, सभेत सक्तीनं म्हणायला लावलेले. तेच त्यांनी जास्तीच्या जोरानं म्हटले, आणि त्याची जी काय किंमत होती ती स्वतः मोजायची तयारी ठेवली. सत्ताधारी जेव्हा उपरोध करतो तेव्हा तो स्वतःच्याच शब्दांची जबाबदारी झटकत असतो, आणि किंमत मोजतो ऐकणारा. एक दुबळा माणूस राजाचे कपडे घालतो, आणि एक राजा दुबळ्याचे कपडे घालून गर्दीत मिसळतो. दोन्हींना आपण वेषांतर म्हणतो, पण त्या रात्री गावात काय होणार हे दोन्ही वेळी वेगवेगळं असतं.

आता बंडखोर बंडखोर म्हणून आरत्या ओवाळणाऱ्यांकडे वळतो, कारण त्यांनीही या बँड्सवर अन्यायच केलाय. सोव्हिएत युनियन गिटारनं पडलं नाही. १९८६ ला तेलाचे भाव कोसळले, अफगाणिस्तानात माणसं मरत होती, १९८९ च्या जुलैत कुझबासच्या खाणकामगारांनी साबण मिळत नाही म्हणून संप केला, बाल्टिक देश उठले. या सगळ्यापुढे लेनिनग्राडच्या एका हॉलमधले थर लावणारे पोरगे म्हणजे काय? आणि मुख्य म्हणजे त्यांना हिरो व्हायचंच नव्हतं, उलट हिरोचीही त्यांनी खैर ठेवली नाही. तो साखालीनहून परत आलेला गुंडलाख आणि त्याचे चित्रकार मित्र, ज्यांना धड वाजवताही येत नव्हतं, त्यांनी ऐंशीच्या उत्तरार्धात 'मध्य रशियन पठार' नावाचा बँड काढला. भूगोलाच्या पुस्तकातलं नाव. आणि त्यांनी सोंग कुणाचं घेतलं, तर रशियन रॉकचंच. कारण तोवर बंडखोरीचाही साचा झाला होता, फाटका आवाज, दुखावलेला आत्मा, व्यवस्थेनं गांजलेला कवी, ठोकळे लावा की गाणं तयार. लेतोव्हनं १९८८ ते ९० मध्ये 'कम्युनिझम' नावानं जी रेकॉर्डिंग केली त्यात सरकारी कवींच्या छापील कविता तशाच्या तशा घेतल्यात, आणि ऐकताना कधीकधी त्या चक्क सुंदर वाटतात. हे कुठल्या खान्यात बसवणार? लेनिनग्राडच्या एका बँडनं तर नावच 'नोम' घेतलं, 'तरुणांची अनौपचारिक संघटना', म्हणजे पेपरवाले आणि अधिकारी ज्या शब्दानं या पोरांना हिणवायचे तोच शब्द पाटीवर. ज्या लोकांनी तुम्ही दिलेलं प्रत्येक नाव असं उचलून उलटं घातलं त्यांना तुम्ही 'स्वातंत्र्ययोद्धे' ही पदवी देणार, म्हणजे आणखी एक ठोकळा.

'मग ते सरळ का बोलले नाहीत, भ्याले होते' असं जो म्हणेल त्याला मी त्याच शहराची एक आधीची गोष्ट सांगेन. २४ जानेवारी १९२८ ला लेनिनग्राडच्या पत्रकार भवनात ओबेरियू नावाच्या तरुण कवींनी एक रात्र गाजवली, दानीइल खार्म्स, व्हेदेन्स्की वगैरे. एकही राजकीय ओळ नाही, नुसता वेडेपणा, तर्क उलटापालटा. १९३१ मध्ये पकडले गेले. व्हेदेन्स्की १९४१ मध्ये कैदी म्हणून नेताना वाटेत मेला, खार्म्स १९४२ मध्ये जर्मनांच्या वेढ्यातल्या लेनिनग्राडमध्ये तुरुंगाच्या मनोरुग्ण विभागात. त्यांनी सरकारविरुद्ध काय म्हटलं होतं? काहीच नाही. ज्या राज्यात प्रत्येक वाक्याला बाजू असायलाच पाहिजे तिथे बाजू नसलेलं वाक्य हाच गुन्हा ठरतो, हे त्या राज्याला आपल्या ग्रुपवरच्या मित्रांपेक्षा आधी कळलं होतं. रुबिनस्टाईन रस्त्यावर वाजवणाऱ्या पोरांना ही गोष्ट माहीत होती, खार्म्सच्या टंकलिखित प्रती त्यांच्या पिढीत हातोहात फिरत होत्या.

यूर्चाकनं नोंदवलंय की आविया बघून काही म्हातारे प्रेक्षक खरंच हेलावायचे, त्यांना आपलं तरुणपण दिसायचं, आणि शेजारच्याच खुर्चीतला प्रेक्षक याला जबरदस्त टिंगल समजायचा. मला वाटतं दोघंही बरोबर होते. 'निळा सदरा'तल्या त्या जुन्या पोरांनी ज्या गोष्टीवर विश्वास ठेवला होता तिची चेष्टा आवियानं केलीच नाही, उलट तिला पन्नास वर्षांनी एकदा पुरा श्वास घेऊ दिला. आणि त्याच श्वासात हेही दिसलं की मधल्या पन्नास वर्षांत तिचं काय करून ठेवलं. हे दोन्ही एकाच वेळी सांगायचं तर भाषण करून चालत नाही, थरच लावावे लागतात.

एक गोष्ट मात्र मित्रांच्या भांडणात खरी निघाली. आमच्यातल्या सगळ्यात धाकट्या मुलीनं, वय बावीस, तो व्हिडिओ बघून विचारलं, हे छान आहे, पण हे लोक कशाची नक्कल करतायत? तिनं ते मासिक कधी बघितलेलं नाही, तिच्या वह्यांना ब्राऊन पेपर होता. ज्याला मूळ पाठ नाही त्याला सोंग कळत नाही, त्याला एकतर प्रचार दिसतो किंवा नाच. नव्वदच्या दशकात रशियातही हेच झालं, संचलनं थांबली, घोषणांच्या जागी जाहिराती आल्या, आणि आवियासारख्यांना धरायला सोंगच उरलं नाही. मी आईच्या ट्रंकेतून ती जुनी वही शोधून काढली, कव्हर अजून शाबूत आहे, पोलाद कारखान्यातला तो माणूस, आणि फोटो काढून तिला पाठवला. तिनं व्हिडिओ परत लावला आणि दहा मिनिटांनी मेसेज आला, 'अरे, ते सगळे तिथेच बघतायत.'